एकोणसत्तर टक्के नशीब

"कौशल्यांक एकतीस, दैवांक एकोणसत्तर," डॉ. निखत काझी म्हणाल्या आणि पडद्यावरून नजर न हलवता त्यांनी चहाचा कप मृदुलाबाईंपुढे सरकवला. चहा निवतो म्हणून नव्हे, समोरच्या बाईचा चेहरा बघवेना म्हणून.

गारपेठ तलावाच्या बांधावर ही प्रयोगशाळा उभी राहून तीन वर्षं झाली होती. मृदुला खानझोडे भंडाऱ्याच्या दातांच्या डॉक्टर. वय चौपन्न. गारपेठच्या गळस्पर्धेत अकरा वर्षांत सात वेळा पहिल्या आलेल्या. सहा तासांत जास्तीत जास्त वजनाच्या मरळी पकडायच्या, तोलायच्या आणि जिवंत सोडून द्यायच्या, अशी ही स्पर्धा. यंदा पहिल्यांदाच जागतिक स्पर्धेसाठी इथून एक माणूस जाणार होता आणि तो माणूस म्हणजे मृदुलाबाईच असणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अट एकच होती, कौशल्यांक साठच्या वर हवा.

"म्हणजे सात वेळा मी जिंकले ते आंधळ्यानं दगड मारावा तसं?" बाईंनी विचारलं.

"मी तसं म्हणत नाही. यंत्र म्हणतंय."

"मग यंत्राला सांगा, जरा सविस्तर म्हण."

निखतबाईंनी मग नीट समजावून सांगितलं. तलावातल्या प्रत्येक मोठ्या मरळीच्या पाठीवर तांदळाएवढी मत्स्यटिकली बसवलेली. कोण कुठे आहे हे ती टिकली दर सेकंदाला कळवते. स्पर्धकाच्या हातात संवेदी मोजा. गळ किती जोरात टाकला, कुठल्या दिशेला, आमिषाचा रबरी बेडूक पाण्यावर कसा नाचवला, मासा लागल्यावर हिसका किती क्षणांनी दिला, सगळं तो टिपतो. संध्याकाळी गणकयंत्र त्याच दिवसाचे दहा हजार पुनर्दिन रचतं. हात तोच, बाकी सगळं वेगळं. वारा वेगळा, मासे वेगळीकडे, डोंगा, म्हणजे होडी, वेगळ्या जागी.

"दहा हजार दिवसांत तुमच्या हाताला सरासरी जेवढं मिळालं असतं, तेवढं तुमचं कौशल्य. त्याहून जास्त जे प्रत्यक्षात मिळालं ते नशीब," त्या म्हणाल्या. "नशीब म्हणजे काय, तर तुमच्या हातात नसलेलं सगळं."

मृदुलाबाईंनी तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून काढलेली, हातावर केवढा विश्वास. आणि आता एक डबडं सांगतंय की हात बेताचाच आहे. त्यांना राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही गिळताना चहाचा घोट चुकीच्या नळीत गेला.

ठसका ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "एक विचारू? तिन्ही वर्षांचे आकडे काढा बरं माझे."

निखतबाईंनी काढले. दैवांक सत्तर, अडुसष्ट, एकोणसत्तर. बाकीच्या चाळीस स्पर्धकांचे दैवांक एका वर्षी वर तर पुढल्या वर्षी पार खाली. बाईंचा आपला खुंटीला टांगल्यासारखा तिथल्या तिथे.

"हे बरोबर नाही," निखतबाई खुर्चीत सरळ झाल्या. "नशिबाला सवय नसते. सवय लागली की त्याला नशीब म्हणता येत नाही."

"मग काय म्हणायचं?"

"तुमच्या डोंग्याची जागा कोण ठरवतं? माझ्या कागदावर 'चिठ्ठीने' असं लिहिलंय. म्हणून यंत्र जागेला दैवात धरतं."

"जागेची कुठली चिठ्ठी? चिठ्ठी डोंगेवाल्याची असते. कुणाच्या वाट्याला कोण ते तिथं ठरतं. जिंकलेल्यानं पुढच्या वर्षी तोच माणूस ठेवला तर चालतं, हरला तरी दुसरं कुणी मागत नसेल तर चालतं. माझ्याकडे पहिल्यापासून सोमाजी मारबते आहेत. जागा मी सांगते. डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या."

"आणि ते घेतात?"

मृदुलाबाई आठवू लागल्या. सोमाजी घेई, पण सगळ्याच वेळी नव्हे. कितीदा तरी त्या डावीकडे म्हणत आणि म्हातारा डोंगा ढकलायचा बांबू रोवून ढिम्म उभा राही. मग भलत्याच अंगाला डोंगा हळूच सरके. बोलायची सोय नव्हती. डोंगेवाल्यानं सहा तास तोंड उघडायचं नाही आणि गळाला हात लावायचा नाही, हा गारपेठचा जुना नियम.

"त्यांना कमी ऐकू येतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला तरी आजवर तसंच वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजीच्या हातात मोजा चढवला. साठी उलटलेला ढीवर मासेमार, पोटऱ्या बाभळीच्या खोडासारख्या. मोजा घालताना तो नव्या नवरदेवासारखा लाजला. "मले कायले घालता, बाई? म्या का गळ टाकतो का?" एवढं बोलून तो नियमाप्रमाणे गप्प झाला. स्पर्धा नव्हती, तरी गप्प झाला.

त्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा मृदुलाबाईंनी मागे वळून पाहिलं. मरळ हवा घ्यायला मधूनमधून वर येते, तेव्हा पाण्यावर बारीकसा बुडबुडा फुटतो. सोमाजी बुडबुड्याकडे पाहतच नव्हता. तो शिंगाड्याच्या वेलांकडे पाहत होता. वेल ज्या बाजूनं थरथरले, त्यावरून मरळ पुढे कुठे उगवेल हे ताडून तो आधीच डोंगा नेऊन ठेवी, तोही असा, की सावली पाण्यावर पडणार नाही आणि बाईंचा उजवा हात मोकळा राहील. बाई डावीकडे म्हणाल्या. वेल उजवीकडे हलत होते. सोमाजीनं न ऐकल्यासारखं केलं. दहाव्या मिनिटाला तीन किलोची मरळ लागली.

संध्याकाळी तिघांसमोर गणकयंत्रानं पुन्हा दहा हजार दिवस रचले, या खेपेला हात दोन धरून. गळाकडच्या हाताचे एकतीस. बांबूकडच्या हाताचे साठ. नशीब उरलं नऊ टक्के.

मृदुलाबाईंनी आकडे दोनदा वाचले. सात ढाली त्यांच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात होत्या, प्रत्येकीवर एकच नाव. दर दिवाळीला त्या सोमाजीला लाडवांचा डबा आणि एक शाल देत आणि आपण फार केलं असं समजत. आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सोमाजी, मी तुमची शतशः ऋणी आहे," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "अकरा वर्षं मी तुम्हाला बहिरे समजत होते. मला माफ करा."

"माफी कायची, बाई. न बोलाचा नेम होता, बोलून काय करता. आनि मासा लागला का तुमी अशा खुश व्हायच्या, मलेच बरं वाटे."

निखतबाईंनी स्पर्धेची नियमावली उघडली. "एकट्याच्या गटात तुम्हाला जाता येणार नाही, मृदुलाताई. एकतीसचे एकतीसच राहतील. पण तिथं जोडीचाही गट आहे. दोघांचे मिळून एक्याण्णव. असा आकडा मी अजून कुठेच पाहिलेला नाही."

"अर्जावर त्यांचं नाव आधी लिहा," बाई म्हणाल्या. "माझं खाली. आणि ढाली मी उद्याच सुताराकडे नेते, दोघांच्या नावांच्या नव्या पट्ट्या बसवायला."

सोमाजीनं मोजा काढून टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "हे नऊ कायचे?"

"वारा, पाण्याची ऊब, माशाची लहर," निखतबाई म्हणाल्या. "आणि अकरा वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी. ती मात्र शुद्ध नशीब. तुम्ही नेमके यांच्याच वाट्याला आलात, त्याच्यामागे यंत्राला जाता येत नाही."

सोमाजी हसला. "चिठ्ठीत तर मी नागपूरच्या एका मोठ्या सायबाले निघालो होतो. बाईची चिठ्ठी माझ्या चुलतभावाले होती. मी बदलून घेतली. तमाखूची डबी द्या लागली त्याले."

"का पण?" मृदुलाबाईंनी विचारलं. "मी तर तेव्हा अगदी नवखी होते. गळसुद्धा धड टाकता येत नव्हता."

"आदल्या दिवशी सरावाले आल्या होत्या तुमी. सारे जण कोरड्या हातानं मासा धरून फोटो काढत होते. कोरडा हात लागला का अंगावरचा चिकटा निघते, सोडलेला मासा मंग दोन दिवसांनी मरते. तुमी पहिले हात पान्यात बुडवले, मंग मरळ उचलली." त्यानं हातांची ओंजळ करून दाखवली. "मले वाटलं, हिच्या गळाले मासा लागला पाह्यजे."

निखतबाईंनी गेल्या तीन वर्षांच्या नोंदी चाळून पाहिल्या. दर वेळी मासा हाताशी आल्यावर दोन मिनिटं बाईंच्या मोज्याची रेघ रिकामी होती. हात भिजवायचा म्हणून प्रत्येक वेळी त्यांनी मोजा काढून ठेवला होता, म्हणून ते यंत्राला कधी दिसलंच नव्हतं.