भिंतीवर राहिलेले केस

खरं सांगितलं तर कोणाला पटणार नाही, पण अच्युतराव धैर्यवानांनी उभ्या आयुष्यात एक गुन्हा खरोखरच उकलला होता.

बाकीच्या गुन्ह्यांचं सोडा. चौपाटीवर वाट चुकून आलेल्या देवमाशाला त्यांनी हिंदुस्थानीत चार शब्द सुनावून परत धाडलं होतं. एका खुन्याला नुसत्या शिंकेवरून ओळखलं होतं. छोट्या कोर्टात शिरस्तेदारी करताना तर म्हणे त्यांनी शोधच लावला होता: माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या डाव्या कानाची पाळी हलते. निकाल देण्याआधी जज्जसाहेब हळूच शिरस्तेदारांकडे बघून घेत, असंही ते सांगत. ठाकुरद्वारच्या त्या वाडीत यावर कोणी वाद घालत नसे. चहा गरम असेपर्यंत मंडळी ऐकत आणि कप रिकामा झाला की उठत.

नवलकरांकडची गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नाही. यावरूनच ती खरी असणार.

अठ्ठावन्न सालचा फाल्गुन. भर दुपारी अच्युतराव ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन पडले होते. समोरच्या घरातली लीला, कमलाकांत नवलकराची बायको, अनवाणीच धावत आली.

"अच्युतकाका, आधी उठा! मोहनभाऊजी पुसले गेले!"

पेपर खाली पडला. अच्युतरावांना पुढे विचारायची गरज नव्हती.

मनमोहन हा कमलाकांताचा धाकटा भाऊ. चित्रकला शिकत होता. छप्पन सालच्या जानेवारीत रात्र रात्र जागून त्यानं वाडीच्या भिंतींवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं. उरलेला गेरू आणि चुलीतला कोळसा घेऊन एका सकाळी जेवणघराच्या भिंतीवर त्यानं स्वतःलाच काढलं. पुरा उभा, स्वतःएवढाच उंच, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे, उजवा तळवा पुढे केलेला. आई, यशोदाबाई, ओरडली तर म्हणाला, "हात कायमचा पुढे करून ठेवलाय, आई. पोळी फुगली की ठेवत जा."

चार दिवसांनी तो मोर्चाला निघाला. बाहेर जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, म्हणजे तो सुखरूप परत येतो. यशोदाबाई चमचा घेऊन जिन्यापर्यंत आल्या. तो केव्हाच खाली पोचला होता. "आल्यावर खातो!" एवढंच ऐकू आलं. नाक्यावर गोळीबार झाला. दही वाटीतच राहिलं.

तेव्हापासून दिवाळीचा चुना त्या चित्राला वळसा घालून जाई.

आता घरच विकायला काढलं होतं. कमलाकांतानं खारला जागा बघितली होती. गिऱ्हाईक दौलतशेठ, कापडवाला, तोंडानं गोड, हिशेबाला पक्का. आज सकाळी तो आपला मिस्त्री घेऊन घर तपासायला आला होता.

जिना चढतानाच अच्युतरावांना कमलाकांताचा आवाज ऐकू आला.

"कबूल कर! कबूल केल्याशिवाय मी सही करणार नाही!"

वरच्या दालनात लालबागचा सीताराम मिस्त्री खाली मान घालून उभा होता. दौलतशेठ रुमालानं मान पुसत होता.

"मी तरी काय करू, धैर्यवानसाहेब? यानं नाही म्हटलं तरी पाणी यानंच ओतलं ना? उद्यापासून माझ्याकडे याला काम नाही. पण माझा सौदा मोडू नका."

सीताराम हातातली टोपी तेवढी चुरगळत राहिला.

"कसलं पाणी?" अच्युतरावांनी विचारलं.

"गच्ची गळते का बघायला," कमलाकांत म्हणाला. "पन्हळीत चिंधीचा बोळा कोंबून गच्चीभर पाणी कोंडलं. मी नको म्हणत होतो. खाली येऊन बघतो तर..." तो मग एकदम फुटला, "उद्या फोटोवाला येणार होता, काका! मी कोणाला सांगितलं नव्हतं. मोठा फोटो काढून, चौकट करून आईला खारच्या घरात द्यायचा होता. एक दिवस! एक दिवस थांबलं असतं तर!"

अच्युतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते एकटेच जेवणघरात गेले.

एरवी इथे त्यांनी एखादी थाप तयार ठेवली असती. पण आज ती सुचली नाही.

भिंतीवर मोहन नव्हता. गेरूचे लाल ओघळ खालपर्यंत उतरून लादीवर वाळले होते. चेहरा गेला होता. खांदे गेले होते. फक्त वर, अच्युतरावांच्या डोक्यापेक्षाही जरा उंच, कोळशानं काढलेले दाट केस राहिले होते. भांग अजून स्पष्ट होता.

त्यांनी छताकडे पाहिलं. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. त्यावर धूळ होती. थेंब एकही नव्हता.

मग ते वाकले. जिथे पुढे केलेला तळवा असायचा, तिथे भिंतीवर मुंग्यांची रांग लागली होती. त्यांनी नाक जवळ नेलं. आंबूस वास आला. खाली लादीच्या फटीत तांदळाचे दोन दाणे अडकले होते. अख्खे. कुंकू लागलेले.

अच्युतराव मग कंबरेवर हात ठेवून उठले आणि बाहेर आले.

"कमळू, तपासणी चालू असताना कोण कुठे होतं?"

"मी, शेठ आणि हा गच्चीवर. लीला खाली आवारातल्या नळावर बादल्या भरत होती. आई घरात."

"गच्चीवर जाण्याआधी शेठनं जेवणघर बघितलं?"

"बघितलं की," दौलतशेठ म्हणाला. "मीच म्हटलं, ही मधली भिंत काढू या. दोन खोल्यांचा एक हॉल होईल."

"हे कोणाच्या समोर म्हणालात?"

"सगळेच होते. बाई होत्या, हे होते. का? भिंत काढायला बंदी आहे?"

"बंदी कसली, शेठ. सीताराम, तू मध्ये खाली उतरला होतास?"

मिस्त्रीनं मान वर केली. "इल्लंय, साहेब. छताक ओल धरता काय ता बघूक. पण आत नाय गेलंय."

"का नाही गेलास?"

"बाय जेवणघरात पूजेक बसली होती. समई पेटलेली. माझ्या पायात चपला. देवाच्या खोलीत कसो जातंय? तसोच मागे फिरलंय."

"थापा!" कमलाकांत म्हणाला. "काका, बघा बघा, याच्या कानाची पाळी हलतेय का!"

अच्युतरावांनी पाहिल्यासारखं केलं. "नाही हलत," ते म्हणाले. "लीला, तू मला एक सांग. आज जेवणात काय होतं?"

"काका, आता हे काय?"

"सांग तर."

"सांबारं आणि भात. कढी करणार होते, पण दहीच नव्हतं. सकाळी वाटीभर लावलेलं मी स्वतः बघितलं होतं. वाटी घासून पालथी घातलेली सापडली."

"आणि या घरात देव कुठे असतात?"

"स्वयंपाकघरात. कायमच. तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे," अच्युतराव म्हणाले. "म्हातारपणी खात्री करून घ्यावी लागते. यशोदावहिनी कुठे आहेत?"

यशोदाबाई मागच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. डावा हात मांडीवर, उजवा पदराखाली. अच्युतरावांनी दार लोटून घेतलं आणि समोरच्या ट्रंकेवर बसले. रस्त्यावर कुठल्याशा सभेचा भोंगा ओरडत होता.

"चहा देऊ का, भाऊजी?" त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

"नको. वहिनी, पाणी वरून आलं नाही. वरून आलं असतं तर आधी मोहनचे केस गेले असते. केसच तेवढे राहिलेत. जाळंसुद्धा कोरडं आहे."

यशोदाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"ज्यानं पुसलं त्याचा हात कपाळापर्यंत पोचला, केसांपर्यंत पोचला नाही. मोहन उंच होता. कमळूचा हात पोचतो, मिस्त्रीचा पोचतो. लीला खाली नळावर होती. तुमचा खांदा आखडलेला, हात कपाळाच्या वर जात नाही."

यशोदाबाईंनी पदर आणखी घट्ट ओढला.

"तळव्यावर मुंग्या आहेत, वहिनी. दह्याला आल्या आहेत. खाली अक्षतेचे दाणे आहेत. समई देवांपुढे नव्हती, जेवणघरात होती. मिस्त्रीला वाटलं पूजा चाललीय. त्याचं चुकलं नाही. गणपती हलवायच्या आधी आपण अक्षता टाकतो, हातावर दही ठेवतो, मग पाण्यात सोडतो. आता तो हात पदराखालून काढा."

यशोदाबाईंनी हात काढला. तळवा पाणी पिऊन सुरकुतला होता. घासघासून धुतला असावा, तरी नखांच्या कडांत आणि रेषांत गेरू बसला होता.

"जात नाही हो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "चिंचेनं घासलं. राखेनं घासलं."

अच्युतरावांनी त्या हातावरची नजर खिडकीकडे वळवली.

"तो म्हणाला, भिंत काढू या. सहज म्हणाला, बिचाऱ्याला काय ठाऊक. पण मला घण दिसला. माझ्या पोराच्या तोंडावर घण घालतील, भाऊजी. तोंडाचा चुरा टोपलीत भरून नेतील. एकदा परक्यांनी नेलाच होता त्याला. मला तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाही. दुसऱ्यांदा नाही म्हटलं. या वेळी मी घालवीन. रीतीनं घालवीन." त्यांनी श्वास घेतला. "दही दिलं. दोन वर्षं हात पुढे करून उभा होता. मग ओला पंचा घेतला आणि पायापासून सुरुवात केली. तोंड शेवटी पुसलं. केसांना हात पुरला नाही. स्टूल आणायला वळले, तर जिन्यावर पावलं वाजली."

"आणि मिस्त्रीवर आळ आला तेव्हा?"

"बोलणार होते. देवाशप्पथ बोलणार होते. तेवढ्यात कमळू फोटोवाल्याचं बोलला." त्यांचा आवाज फाटला. "भाऊजी, पोरगा दोन वर्षं त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो. मला वाटायचं, याला बघवत नाही. मला काय माहीत, तो फोटोवाल्याला सांगून आला होता! आता कुठल्या तोंडानं सांगू, की तुझा भाऊ मीच पुसला?"

भोंगा थांबला होता. अच्युतराव उठले. धोतराचा सोगा सारखा केला.

"सांगू नका," ते म्हणाले. "मिस्त्रीचं काम जाणार नाही आणि कमळूला कळणार नाही. आयुष्यभर काय केलंय मी? एक थाप घराण्याच्या उपयोगी पडू दे."

ते दालनात आले तेव्हा सगळे उभेच होते. अच्युतरावांनी खुर्ची ओढली, पानाचा डबा उघडला, मिटला.

"गुन्हेगार सापडला," ते म्हणाले. "बोका."

"काय?" दौलतशेठ म्हणाला.

"काळा बोका. मागच्या वाडीतला, एका डोळ्यानं आंधळा. ह्याच्या आज्याला मी ओळखत होतो. त्यानं एका पारशिणीचं अख्खं माशांचं भुजणं पळवलं होतं. तर हा दह्याच्या वासानं फळीवर चढला. दही सांडलं भिंतीवर, मुंग्या बघा हव्या तर. फळीवरची पाण्याची घागर लवंडली. मग भिंतीला पंजे टेकून दही चाटत चाटत खालपर्यंत आला. ओलं अंग घासत. झालं. सीताराम सुटला."

"एका घागरीत पुरुषभर चित्र पुसलं?" कमलाकांत म्हणाला.

"बोका मोठा होता."

लीलाला हसू आलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. सीताराम चक्रावून बघत होता. दौलतशेठनं मात्र सुटकेचा श्वास टाकला. त्याला बोका चालण्यासारखा होता. "जनावराला कोण काय करणार? सीताराम, जा, बोळा काढ गच्चीवरचा. उद्या वेळेवर ये."

कमलाकांत खुर्चीत बसला. दोन्ही हातांत तोंड धरून म्हणाला, "बोका. माझ्या भावाला शेवटी बोक्यानं पुसला, काका? चाटून?"

अच्युतरावांनी तोंड उघडलं. पुढची थाप जिभेवर आली होती. मागचं दार करकरलं.

यशोदाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. उजवा हात पुढे, तळवा वर.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुमच्या कानाची पाळी हलतेय. खोटं बोलताय तुम्ही. बोका दही चाटतो, हातावर ठेवत नाही. कमळू, इकडे बघ. माझा मोहन कोणी पुसला नाही. मी पाठवला."