तिसरा ठोका

अरे अरे, हात लावू नकोस त्या झाकणाला! आत उकळतं पाणी दबा धरून बसलंय. उघडलंस की थेट तोंडावर येईल, आणि मग तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? बॉनेट उघडं राहू दे, दिवे बंद कर आणि दोघंही इथे कठड्यावर बसा. रेडिएटरची वरची नळी हाताला सोसेल एवढी गार होईपर्यंत काही करायचं नाही. पाऊण तास, फार तर तास. भाचीबाईंचं टेबल खोलीवर तासभर उशिरा पोचलं म्हणून अभ्यास बुडत नाही. तसाही त्यात फार उजेड पडतोय असं नाही.

गुडघे चोळतोयस? मघापासून तिसऱ्यांदा विचारलंस, मामा, ही सीट एवढी पुढे का, मागे का सरकत नाही. मला काय, माझी उंचीच बेताची, मला बरोबर बसते. तू ताडमाड वाढलास त्याला मी काय करू? पण विचारलंसच तर सांगतो. फक्त मध्ये मध्ये "असं होऊच शकत नाही" म्हणायचं नाही. ज्याच्यावर गुदरलं त्याने माझ्यासमोर बसून सांगितलंय, आणि तो बाता मारणारा माणूस नव्हता. त्याला मुळात बोलायचाच कंटाळा.

माझं पंक्चरचं दुकान होतं ना, त्याच्या समोर एक गॅरेज होतं. दोन भागीदार. एक लांबलचक, त्याला सगळे लंबू म्हणायचे. दुसरा त्याच्या खांद्याला जेमतेम लागायचा, तो बुटक्या. तोंडावरसुद्धा हीच नावं, कुणाला राग नाही. जुनी डिझेल गाडी गरम होते म्हटलं की लोक डोळे मिटून यांच्याकडे आणायचे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेडिएटरचं काम कितीही चोख करा, नवीन पाणी भरताना आत कुठेतरी हवा अडकते. हवा अडकली की पाणी फिरत नाही, पाणी फिरलं नाही की इंजिन तापतं. ती हवा काढायला माणसं दोन लागतात. एक आत बसून रेस देतो. दुसरा पुढे वाकून इंजिनवरचा एक बारीक स्क्रू सैल करतो, तिथून बुडबुडे निघतात, आणि तो वरून थोडं थोडं पाणी घालत राहतो. बॉनेट वर असतं, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि त्या धडधडीत ऐकूही येत नाही. म्हणून यांची खूण ठरलेली होती. लंबू पुढून पान्ह्याने मडगार्डवर ठोका मारायचा. एक ठोका म्हणजे रेस वाढव. दोन म्हणजे कमी कर. तीन म्हणजे इंजिन बंद कर आणि उतर, झालं काम. तीन ठोके ऐकले की मी समोरून चहा सांगायचो. कितीदा तर आधी चहा यायचा आणि मग बुटक्या उतरायचा.

त्याचे पाय पुरायचे नाहीत. त्यामुळे कुठल्याही गाडीत बसला की पहिलं काम, सीट खर्रकन ओढून पार पुढच्या खाचेत. मालक लोक वैतागायचे.

मग एकदा घाईघाईत लंबूने तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं. इंजिनचं हेड तडकलं. मालक आला तो तणतणतच, आणि समोर दिसला बुटक्या. "तूच घातलास गोंधळ!" म्हणून त्याला चारचौघांत नको नको ते बोलला. लंबू तिथेच उभा होता. फडक्याला हात पुसत. पुसायला काही राहिलं नव्हतं तरी पुसत होता. मी समोरून बघत होतो. बुटक्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचे पान्हे कापडात गुंडाळून निघून गेला. बायकोला घेऊन लांबच्या शहरात जाऊन राहिला.

तीन वर्षं एकमेकांशी बोलणं नाही. लंबूला ना बायको ना पोर. जो काही संसार होता तो त्या गॅरेजात. मी म्हटलं, अरे, एखादा माणूस ठेव. तर म्हणे, "सीट रिकामीच आहे, ज्याची आहे तो येईल." आणि हवा काढायची कशी? तर गाडी चढावर नाक वर करून रात्रभर उभी ठेवायची. हवा आपली आपण वर येते, सकाळी पाणी घातलं की झालं. एकट्या माणसाची युक्ती. चालते, पण एक रात्र जाते. रात्रींना त्याच्याकडे काय तोटा होता?

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. नोव्हेंबरची एकवीस तारीख, गुरुवार. लंबूने त्या दिवशी स्वतःच्या पिकअपची खालची नळी बदलली, पाणी भरलं आणि गाडी चढावर लावून ठेवली. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. बुटक्याची बायको.

"भावोजी, यांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, रात्र निघाली तर निघाली. सारखं तुमचं नाव घेतायत."

पाच मिनिटांत लंबू माझ्या दारात. म्हणाला, "पाण्याचा कॅन दे." मी दिला. म्हटलं, "गाडीतली हवा?" म्हणाला, "राहू दे. मला त्याला एवढंच सांगायचंय, की ते पाणी मी ओतलं होतं. तो असेपर्यंत सांगायचंय." मी म्हटलं, येऊ का सोबत? तो नको म्हणाला. आणि मीही पुन्हा विचारलं नाही. सकाळी दुकान उघडायचं होतं ना मला! ते अजून लागतं मनाला. दुसरा माणूस असता तर... असो.

साडेअकरापर्यंत गाडी ठीक चालली. मग तापमानाचा काटा हलला. अर्धा, पाऊण. त्याने काचेचा हीटर लावून पाहिला, तर वारा गार. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे पाणी फिरत नाही, हवा अडकली. पट्टा बघायला नको, पंखा बघायला नको. त्याला गाडी सुरू करतानाच माहीत होतं की हे होणार. काटा लालला टेकला तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली. बारा वाजून वीस.

असाच रस्ता. दोन्हीकडे शेतं, लांबवर एकही दिवा नाही. फोनला रेंज नाही. थंडी. आता आपण बसलोय तसा तो बसला, एकटा. माणूस मरतोय आणि हा नळी गार व्हायची वाट बघतोय. पण पुन्हा घाईने गार पाणी ओतायची हिंमत त्याला नव्हती. एका तासात एकही गाडी गेली नाही. मला म्हणाला, "तीन वर्षं एकटा राहिलो, पण एकटं म्हणजे काय ते त्या तासात कळलं."

एक वाजून वीस मिनिटांनी नळी हाताला सोसली. फडकं धरून त्याने झाकण सावकाश उघडलं. इंजिन सुरू केलं. आता रेस धरायची कुणी? रेसच्या पेडलवर दगड ठेवून पाहिला, तर इंजिन किंचाळायला लागलं. धावत जाऊन काढला. पुढे स्क्रू सैल करावा तर मागे रेस नाही, मागे रेस द्यावी तर पुढे हात नाही. रडकुंडीला आला. नुसत्या त्या सावकाश धडधडीवर हवा काही निघेना. बॅटरी तोंडात धरून तो बॉनेटखाली वाकला, एका हातात कॅन, एका हातात पान्हा.

आणि सवयीने हात गेला. मडगार्डवर.

एक ठोका.

इंजिनचा आवाज वाढला.

सावकाश. समजून उमजून. कुणी पाय अलगद दाबावा तसा.

स्क्रूतून बुडबुडे फुटले. भराभर. तो पाणी घालत राहिला. कामाच्या नादात होता, त्याच्या ध्यानातच आलं नाही. पाणी काठावर आलं, सांडायला लागलं. त्याने दोन ठोके मारले.

रेस कमी झाली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं...

काय गं? जुनं डिझेल इंजिन कधी कधी आपोआप रेस घेतं? घेतं ना. मीही त्याला तेच म्हटलं. तर तो म्हणाला, "घेतं. पण एकाला वाढून दोनाला उतरत नाही."

तो तसाच वाकलेला. समोर बॉनेट. पलीकडे काच. पलीकडे... बघायचं म्हटलं तर दोन पावलं बाजूला व्हायचं, बस. पाय उचलेना. गाडीत कुणी चढलं नव्हतं. दाराचा आवाज नव्हता. मानेवर घाम, आणि थंडी एवढी की श्वास दिसत होता.

त्याने पुन्हा मारला. एक.

वाढली.

दोन.

उतरली.

मग म्हणे भीती गेली. गेली म्हणजे राहिली, पण बाजूला उभी राहिली. त्याचं रडू फुटलं. इंजिनवर ओणवा होऊन तो मोठ्याने म्हणाला, "ते पाणी मी ओतलं होतं. माझी चूक होती रे. मी गप्प बसलो."

इंजिन चालू. एका लयीत.

बुडबुडे केव्हाच थांबले होते. स्क्रू आवळून झाला. झाकण लागलं. काम झालं होतं. आता फक्त तीन ठोके.

त्याला मारवेनात.

तीन म्हणजे काय, माहीत आहे ना? बंद कर. उतर.

तो उभा राहिला. किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. पान्हा हातात. तिकडे दवाखान्यात माणूस वाट बघतोय. इकडे... इकडे कोण? निघायला हवं होतं. उभा राहिला.

मग मारला. एक.

रेस वाढली नाही. जणू पुढचा ऐकायला थांबलंय कुणी.

दोन.

...

तीन.

इंजिन बंद झालं.

या गाडीचं इंजिन किल्लीने बंद होत नाही, तुला माहीत आहे. आतली दांडी ओढून धरावी लागते. हाताने.

मग काही नाही. दार उघडल्याचा आवाज नाही. पाऊल नाही. तापलेलं लोखंड गार होताना वाजतं तेवढं. टिक... टिक...

तो बाजूने गेला. बॅटरी मारली. आत कुणी नव्हतं. दोन्ही दारं बंद. पण तो आत बसायला गेला तर बसता येईना. गुडघे स्टिअरिंगला अडले. सीट पुढे होती. पार पुढच्या खाचेत.

आता ऐका. ती सीट तीन वर्षं मागच्या खाचेत गंजून बसली होती. मीच एकदा तेल सोडून हातोडी मारून पाहिलं होतं, तसूभर हलली नव्हती.

तो तसाच आखडून बसला आणि उरलेला रस्ता तसाच कापला. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. दवाखान्यात पोचला तेव्हा चार वाजायला आले होते. वहिनी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर नवऱ्याच्या कपड्यांची घडी.

"भावोजी, साडेअकरालाच गेले हो."

लंबू म्हणाला, "काही बोलला?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही निघालात एवढं सांगितलं मी. तर डोळे उघडले. विचारलं, एकटाच निघालाय? मी हो म्हटलं. तर म्हणाले, मग हवा कोण काढणार? भ्रमात होते हो, काहीबाही बोलत होते. आणि लगेच..."

लंबूने त्यांना काही सांगितलं नाही. मला सांगितलं, ते पुढे दोन वर्षांनी. त्याची नजर अधू झाली आणि ही गाडी त्याने मला दिली, त्या दिवशी. माझा हात धरून विचारत होता, "तो आला, ते ठीक. पण मी बोललो ते त्याला ऐकू गेलं असेल का रे? इंजिन चालू होतं. आम्हाला इंजिन चालू असताना कधीच काही ऐकू यायचं नाही." मी चहा सांगितला. पंक्चरवाला माणूस मी.

हो. हीच गाडी. आता का उठलास? बस. बरं, उठलाच आहेस तर मोबाइलचा दिवा लाव आणि दार उघड. घाबरतोस काय, एवढा वेळ तर तिच्यावरच बसला होतास. खाली वाक. सीटखालची पट्टी दिसली? सगळी गंजलेली, बरोबर? आता मधोमध बघ. मागच्या खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत एक चकचकीत रेघ आहे. सीट घासत पुढे आली त्याची. नऊ पावसाळे झाले तिला. मी मुद्दाम पाणी मारून ठेवून पाहिलं, बाकी पट्टीचे पापुद्रे निघायची वेळ आली.

बोट फिरव रेघेवरून. फिरव.

आता बोट बघ. लागला गंज?