दोनशे तेरावी नोंद

वैद्यबुवा हे काही खरे वैद्य नव्हेत. जन्मात कुणाची नाडी धरली नाही त्यांनी. माणूस पेशानं संगणकवाला. कुठं डेटाबेस बिघडला, नोंदी हरवल्या, आकडे भलतेच दिसायला लागले, की लोक यांना बोलावून न्यायचे. बुवा आले की आधी हात मागे बांधून पाच मिनिटं नुसते बघत उभे राहायचे, रोग्याकडे बघावं तसे, म्हणून हे नाव पडलं. यंत्रानं पडद्यावर ‘झालं’ असं दाखवलं तर त्यावर काडीचा विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. घरीसुद्धा तेच. गॅस बंद केलाय असं बायकोनं सांगितलं तरी उठून बघून यायचे, आणि ती माउली म्हणायची, “आपलं लग्न झालंय का, तेही एकदा बघून या.”

त्या दिवशी सकाळी साडेनऊला ते इस्पितळाच्या रक्तपेढीत पोचले. तळमजल्यावर तीन खोल्या. पुढच्या खोलीत एका कोपऱ्याला लाकडी आडोसा, त्याला खिडकी, आणि खिडकीमागे नोंदबाई. मधल्या खोलीत रक्ताच्या पिशव्यांचे फ्रीज एकसारखे गुणगुणत उभे. मागच्या अरुंद खोलीत ते यंत्र. सगळीकडे स्पिरिटचा वास, आणि खिडकीसमोरच्या बाकावर एक तरुण माणूस बसलेला. त्याच्या बुटांवर मैदा होता. बेकरीतून तसाच उठून आला होता बिचारा.

झालं होतं असं. आठ वाजता वीजवाल्यांनी मुख्य बटण बदलायला दोन मिनिटं वीज घालवली. यंत्र बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, छान हिरवा दिवा लागला. आणि हे नवं यंत्र बसवल्यापासून, म्हणजे गेल्या अकरा आठवड्यांत, नोंदवलेले सगळे रक्तदाते नाहीसे. दात्यांना दिलेल्या कार्डांवर क्रमांक असतो, तो नव्या यंत्राबरोबर एकपासून सुरू केलेला. गठ्ठ्यात सगळ्यात वरचं कोरं कार्ड होतं दोनशे तेरा नंबरचं. म्हणजे गेली ती दोनशे बारा माणसं.

एरवी कुणी म्हटलं असतं, जाऊ द्या, पुन्हा गोळा करू. पण दुसऱ्या मजल्यावर त्या बेकरीवाल्याची बायको होती. पहिलं बाळंतपण, रक्तस्राव सुरू, आणि तिचा रक्तगट असा, की लाखात एखाद्याचा असतो. दुसरं कुठलंही रक्त दिलं तर ते तिला विषच. फ्रीजमध्ये त्या गटाची एक पिशवी होती. पेढीचे मोठे डॉक्टर म्हणाले, निदान अजून एक हाताशी असल्याशिवाय वरचे सर्जन सुरी लावणार नाहीत, आणि चारच्या पुढे थांबणंही शक्य नाही. यंत्राआधीच्या जुन्या यादीत त्या गटाचे दोन दाते होते; एक परदेशी गेलेला, दुसऱ्यानं तीन आठवड्यांपूर्वीच रक्त दिलेलं.

“तिसरा होता,” मोठे डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले. “एवढ्यातच नोंदवलाय. मला पक्कं आठवतंय. नाव आठवत नाही.”

बुवांनी आधी यंत्राला जोडलेल्या सगळ्या वायरी काढल्या. हरवलेल्यावर आणखी काही लिहिलं जाऊ नये, म्हणून. मग ते बसले आणि दीड तास उठले नाहीत. अकरा वाजता ते चष्मा काढून पुढच्या खोलीत आले, आणि मोठ्या डॉक्टरांना वाटलं, सापडलं.

“रोग सापडला,” बुवा म्हणाले. “हे बसवलं त्या भल्या माणसानं ‘पुढे, पुढे, पुढे’ करत बटणं दाबली. कंपनीनं जे मुळात ठरवून दिलेलं असतं तेच राहू दिलं. आणि मुळात ठरलंय असं, की नोंद आली की नुसती लक्षात ठेवायची. डिस्कवर लिहायची नाही. कुणी सांगितलं तरच लिहायची.”

“आणि कुणी सांगितलंच नाही?”

“अकरा आठवडे. वीज गेली, लक्षातलं गेलं.”

“अहो, पण रोज रात्री दुसरी प्रत निघते ना?”

“निघते की. रिकाम्या कप्प्याची. रोज नेमानं, ‘झालं’ म्हणून.” बुवांच्या आवाजात कडवटपणा आला. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

बाकावरच्या माणसाला यातलं अर्धंमुर्धंच कळलं असेल, पण जे कळायचं ते कळलं. त्यानं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. बुवांना त्याच्याकडे बघवेना. कुणीतरी आळशीपणानं दाबलेलं एक बटण, आणि हा पोरगा असा बसलाय. त्यांना मनापासून चीड आली आणि त्याहून जास्त लाज वाटली, जणू ते बटण त्यांनीच दाबलं होतं.

आता नोंदबाईंबद्दल सांगायला हवं. तीस वर्षं त्या खिडकीत बसलेल्या. त्यांची एक सवय साऱ्या इस्पितळाला माहीत. पडद्यावर जे दिसेल ते त्या मोठ्यानं वाचायच्या, पाढे म्हणावेत तशा एका सुरात, म्हणजे समोरच्याला चूक दिसली तर तो लगेच सांगेल. नवीन लोक हसायचे. बाई वाचतच राहायच्या.

तर साडेअकराला बुवा मागच्या खोलीत डोकं धरून बसले होते, आणि पुढून तो सूर आला.

“एक. पुरुष. वय सत्तावीस. धंदा, गवंडी...”

दात्यांची नावं मी इथं घेत नाही; चारचौघांत ती घेऊ नयेत हा पेढीचा नियम आहे. बाईंनी मात्र सगळं म्हटलं. नाव, जन्मतारीख, गट, फोन. बुवा ताडकन उठून पुढच्या खोलीच्या दारात आले. आडोशावरून बाईंचा फक्त पिकलेला अंबाडा दिसत होता.

“बाई! थांबा, थांबा. पुन्हा एकपासून. सगळ्या येतील?”

“येतील तेवढ्या येतील,” बाई म्हणाल्या. “घाई नका करू म्हणजे झालं.”

“तुम्ही सांगत जा. मी इकडे घेतो.”

बुवांनी मधल्या खोलीत दाराशीच आपला लॅपटॉप उघडला. माणूस यंत्रांतला शहाणा, पण टायपिंगला दोन बोटांचा. मान खाली, नजर अक्षरांवर. बाई सांगत होत्या, बुवा घेत होते. दहा नोंदी झाल्यावर त्यांनी, अर्थातच, खात्री केली. तीन फोन लावले. तिन्ही बरोबर. गवंडी म्हणाला, हो हो, मीच, कधी येऊ?

बुवांनी तोंडात बोट घातलं. आयुष्यभर त्यांनी यंत्रांना विसरताना पाहिलं होतं. आणि इथं एक साठीला आलेली बाई अकरा आठवडे मुखोद्गत म्हणत होती, न अडखळता, फोनच्या दहा दहा आकड्यांसकट! अशा माणसापुढं आपण कोण, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटून बरंही वाटलं.

“बाई, काय डोकं आहे हो तुमचं!”

“माझं काय त्यात,” पलीकडून आवाज आला. “मी आपली सांगतेय.”

मोठे डॉक्टर घाईला आले होते. “बाई, त्या गटाचा तेवढा आधी सांगा ना.”

“ओळीनंच येतात हो. मधलाच कसा आणू?”

हेही पटण्यासारखं होतं. पाढासुद्धा मधूनच म्हणता येत नाही.

एक्केचाळिसाव्या नोंदीला बुवांनी सहज आणखी एक फोन केला. तिकडून एका तरुणीचा आवाज आला. तिनं ऐकून घेतलं.

“हा नंबर तुम्हाला कुणी दिला?”

“तुम्हीच. रक्त दिलंत तेव्हा.”

“कसं शक्य आहे? हा मी आज सकाळी घेतलाय. अजून आईलासुद्धा दिला नाही.”

बुवांनी फोन ठेवला. आधीच घेऊन ठेवला असेल, विसरली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण नंतर त्यांनी खात्रीसाठी फोन केले नाहीत. खात्री करायची नाही असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलं होतं.

“बेचाळीस,” बाई म्हणाल्या.

पाऊण वाजला, एक वाजला. फ्रीज गुणगुणत होते. बेकरीवाला बाकावरून उठून खिडकीशी येऊन उभा राहिला होता. प्रत्येक नोंदीचा गट ऐकून त्याचे ओठ हलायचे.

“एकशे सत्त्याऐंशी. पुरुष. वय चव्वेचाळीस. धंदा, सुतारकाम. गट...” आणि बाईंनी तो गट म्हटला.

“मावशी! तोच! काका, तोच!” बेकरीवाला ओरडला.

बुवांनी फोन ओढला. नंबर लावला. घंटी वाजत असताना बाईंचा सूर चालूच होता, “शेरा. आता येणार नाहीत.”

“म्हणजे?” बुवांनी विचारलं, पण तेवढ्यात पलीकडे कुणीतरी फोन उचलला. बाईमाणूस होतं.

“ते गेले हो,” ती म्हणाली. “रविवारी. झोपेतच.”

बुवांनी काय उत्तर दिलं ते त्यांना आठवत नाही. ते आडोशापाशी आले. “बाई, हे तुम्हाला कुणी कळवलं होतं?”

“मला कोण कळवणार? आहे तसं सांगितलं.”

बेकरीवाला पुन्हा बाकावर बसला. रडला नाही. बुटावरचा मैदा झटकत राहिला, एकाच जागी. पावणेदोन झाले होते.

बुवा जाग्यावर गेले आणि उरलेल्या नोंदी घेऊ लागले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाती घेतलेलं अर्धं टाकायचं नाही, एवढंच. दोनशे दहा. दोनशे अकरा. दोनशे बारा. त्यांनी हात वर उचलले.

“दोनशे तेरा,” बाई म्हणाल्या.

“बाई, संपल्या. कार्डं दोनशे बाराच गेलीत.”

“पुरुष. वय बावन्न. धंदा, संगणक दुरुस्ती.”

सूर तोच. बुवांची बोटं सवयीनं चालत राहिली.

“गट तोच.”

मग बाईंनी फोन सांगितला. सात आकडे टाइप झाल्यावर बुवांना कळलं, की नंबर त्यांचा स्वतःचा आहे.

ते दारात आले तेव्हा मोठे डॉक्टर त्यांच्याचकडे बघत होते.

“माझा ओ आहे,” बुवा म्हणाले. “कॉलेजात होतो तेव्हापासून ओ.”

“कुणी तपासलं होतं?”

“शिबिरात. एकदा.”

डॉक्टर जवळ आले. “साध्या तपासणीत या गटाचा माणूस ओच दिसतो. पुढची तपासणी कुणी सांगितली तरच करतात. नाहीतर ओ धरून चालतात.”

बुवांनी बाही वर केली.

पंचवीस मिनिटं लागली. नळी उजेडात धरून डॉक्टरांनी दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा. मग त्यांनी बुवांचा खांदा धरून त्यांना पलंगाकडे नेलं.

पिशवी भरली. बाकीच्या तपासण्या धावतपळत झाल्या. चारला पाच मिनिटं कमी असताना ती वर गेली.

सव्वापाचला बेकरीवाला जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत आला. “मुलगी झाली! दोघी ठीक आहेत. मावशी, दोघी ठीक आहेत!” त्यानं बुवांचे दोन्ही हात धरले आणि मग मात्र तो ढसाढसा रडला. बुवांचेही डोळे भरून आले. त्यांनी लपवले नाहीत. तो पुन्हा वर पळाला, डॉक्टरही त्याच्यामागून गेले, आणि पेढीत दोघंच उरले.

रस्त्याकडच्या खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं. बुवा आडोशापाशी गेले.

“बाई, आज मी तुमच्यापुढं हात टेकले. असलं पाठांतर जन्मात पाहिलं नव्हतं.”

“कसलं पाठांतर?” बाई हसल्या. “अहो, मला सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही.”

“मग एवढं सगळं...”

“तुम्हीच तिकडून पाठवत होता ना? मी आपली पडद्यावरचं वाचत होते. तीस वर्षांची खोड.”



बुवा आडोशाला वळसा घालून बाईंच्या मागे आले.

पडदा काळा होता. त्यात खिडकीतलं ऊन होतं, बाईंचा चष्मा होता, आणि त्यांच्यामागे बुवा स्वतः. दुसरं काही नव्हतं. त्याची वायर त्यांनी सकाळी काढून गुंडाळून ठेवली होती, ती तशीच टेबलावर पडलेली.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तुम्हाला आत्ता काय दिसतंय?”

“थांबा की जरा. आली पुढची.”

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि त्याच सुरात वाचायला सुरुवात केली.

“दोनशे चौदा. स्त्री. वय एकतीस. धंदा, बेकरी. गट तोच. जन्मतारीख...”

आणि त्यांनी आजची तारीख वाचली.