मुक्या चित्रातलं बोलणं

दिवा जरा बारीक करा आणि जवळ सरका. लेस्टर क्विगला मी चांगला ओळखायचो. काडीसारखा माणूस, नाकाखाली चिकटवलेली झुपकेदार मिशी, आणि मनात आलेलं तोंडावर दिसू न देण्याची कला. मुक्या चित्रांच्या काळात लोक त्याला बघून पोट धरून हसायचे. त्याच्यावर जे गुदरलं ते सांगतो. पटलं नाही तर खुशाल झोपा.

सन एकोणीसशे पंधरा, ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. संध्याकाळी लेस्टर लॉस एंजेलिसहून मोटार घेऊन निघाला, शेजारच्या सीटवर चित्राच्या रिळांचा डबा. काम साधंच होतं. नवं विनोदी चित्र आधी एखाद्या लहान गावात लावायचं, लोक कुठे हसतात नि कुठे जांभया देतात ते बघायचं, मग कात्री चालवायची. गाव होतं सांता ब्रीडा, संत्र्याच्या बागांमधलं. चित्रातली नायिका फर्न डूली तिथलीच. ती आधीच घरी गेली होती, आणि खेळ संपला की लग्नाचं उत्तर देते, असं तिने लेस्टरला सांगितलं होतं. त्यामुळे स्वारी वाटभर शीळ घालत होती.

चित्रात एक पोरगी आणि तिच्यामागे लागलेले दोन खुळे, लेस्टर आणि जाडा ओटो ब्रँडेल. पडद्यामागेही तेच चाललं होतं. पण तिथे ओटोने बाजी मारली. फर्नचे वडील ठार बहिरे. ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे, आणि त्यांच्या मांडीवर वाढलेल्या फर्नलाही ते येत होतं. ओटो त्यांच्यासमोर बसून सावकाश गप्पा मारायचा, म्हाताऱ्याला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसवायचा. लेस्टर एकदाच गेला, म्हाताऱ्याच्या कानात ओरडला, आणि भिंतीशी बोलून आलो म्हणून सगळ्यांना सांगत सुटला. त्या घरात नक्की काय चालतं, हे त्याने कधी विचारलंच नाही.

जूनमध्ये तलावाच्या धक्क्यावर शेवटचा प्रसंग घेतला. फर्नचं काम आधीच झालं होतं, ती त्या दिवशी आली नव्हती. ओटोने पाण्यात पडायचं, वर यायचं, आणि लेस्टरने वल्ह्याने त्याचं डोकं पुन्हा खाली दाबायचं, एवढीच गंमत. आमच्या धंद्याचा नियम असा की दिग्दर्शक 'थांबा' म्हणेपर्यंत कॅमेऱ्याचं हँडल थांबवायचं नाही आणि नटाने सोंग सोडायचं नाही. दोनदा ओटो वर आला, दोनदा दाबला गेला. पुन्हा आला तेव्हा तोंड पाण्याने भरलेलं. वाकून उभ्या असलेल्या लेस्टरलाच ऐकू गेलं.

"पाय अडकलाय, लेस्टर. ओढ मला."

मागे सगळे हसून लोळत होते. त्याच सकाळी ओटोने लेस्टरला फर्न 'हो' म्हणाल्याचं सांगितलं होतं. लेस्टरने वल्हं खाली दाबलं आणि धरून ठेवलं. ओटो परत वर आला नाही.

अपघात म्हणून प्रकरण मिटलं. असं बुडणं पुन्हा कोण करून दाखवणार, असं म्हणून चित्र कंपनीच्या मालकाने प्रसंग चित्रात ठेवला. फर्न रडली तेव्हा लेस्टरने तिला रुमाल दिला, मग हळूहळू खांदाही. त्याला भीती नव्हती. चित्राला कुठे आवाज असतो?

सांता ब्रीडाचं थिएटर खचाखच भरलं होतं. पुढच्या एका रांगेत फर्न, तिचे वडील, आणि वडिलांच्या बहिऱ्या मित्रांचं टोळकं. लेस्टर शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला. शेजारची खुर्ची रिकामी. पियानोवाला वाजवू लागला आणि लोक पहिल्याच लाथेला हसले. पडद्यावर माणसं माकडासारखी भराभर पळत होती. लेस्टर मनात लग्नाचा कोट शिवत होता.

धक्का आला. ओटो पडला. हशा. वल्हं. हशा. ओटो पुन्हा वर आला, त्याचे ओठ हलले.

ती एक रांग हसली नाही.

म्हाताऱ्याने फर्नचा दंड धरला. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. लेस्टरला ते दिसलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावर त्याचंच वल्हं खाली गेलं. चित्र इथेच संपत होतं. त्याला ठाऊक होतं.

चित्र संपलं नाही.

पाणी हललं... ओटो वर आला.

भराभर नाही. सावकाश. तुम्ही-आम्ही येतो तसा. पियानो थांबला. हसणारे गप्प झाले. ओटोने केस मागे सारले आणि थिएटरात पाहिलं. इथून तिथवर. कुणाला तरी शोधत होता.

मग त्याचे ओठ हलले. लेस्टरला काही कळलं नाही.

त्या रांगेला कळलं. सगळी डोकी एकदम मागे वळली. शेवटच्या रांगेकडे. दाराकडे.

पडद्यावर आता नुसतं पाणी होतं...

फर्न उठून आली. लेस्टरसमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"त्याने तुला ओढायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू ऐकलंस."

लेस्टरने तोंड उघडलं. खोटं तयार होतं. ओठ हलले... आवाज आला नाही. पुन्हा हलले. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हातांखाली ओठ हलतच राहिले.

फर्नने त्याचे हात बाजूला केले. खाली वाकली. त्याच्या ओठांकडे कितीतरी वेळ बघत राहिली...

"बोल," ती म्हणाली. हळू आवाजात, फार मायेने. "मी बघतेय."

त्या रात्रीपासून लेस्टरचा आवाज गेला. डबा मागवून चित्र तपासलं, तर वल्हं खाली जातं तिथेच ते संपत होतं. लेस्टरला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, घशात काही दोष नव्हता. झोपेतसुद्धा ओठ थांबत नाहीत, असं तिथल्या बाया सांगायच्या.

फर्नने लग्न केलं नाही. दर रविवारी चांगला झगा घालून ती तिथे जायची आणि लेस्टरसमोर खुर्ची ओढून बसायची. एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. मधेच लाजत होती, मधेच खळखळून हसत होती, आणि उत्तर देताना हाक मारत होती ती ओटोला. लेस्टरला खुर्चीला बांधलेलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, मान नाही नाही म्हणत होती.

ओठ मात्र हसून, सावकाश बोलत होते.