शिंगराचं रक्त

"शिंगराला उद्या सकाळी मारणार आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "जन्मून आठवडाही नाही झाला. त्याला हा रोग दिला कुणी, तेवढं शोधा."

आत्या चपला घालू लागल्या. तपासाचं काम त्या करत. गाडी चालवायची आणि चुकीचे तर्क लढवायचे, ही त्यांच्या टक्कल पडू लागलेल्या भाच्याची कामं.

मालकीणबाईंची घोडेस्वारीची शाळा होती. तिथला एक घोडा नुकताच विषाणूच्या तापाने गेला होता. या तापावर औषध नाही. बाधित घोडा जन्मभर बाधित राहतो आणि चावऱ्या माश्या त्याचं रक्त दुसऱ्यापर्यंत नेतात. म्हणून नियम कडक आहे: ज्याच्या रक्तात खूण सापडेल, त्याला मारायचं. एक संशोधक बाई त्यासाठी रक्ताची नवी चाचणी तयार करत होत्या. त्या चाचणीत सगळे मोठे घोडे सुटले, शिंगराची आई, टिकली नावाची घोडी, तीसुद्धा. सापडलं ते एकटं शिंगरू.

तबेल्यात टिकली पिल्लाला चाटत उभी होती. हिवाळ्याची दाट लव तिच्या मानेवर सलग, रेशमासारखी दिसत होती.

मोतद्दार वैतागलेला होता. घोड्यांचे डॉक्टर रक्त काढण्याआधी मानेवरचे केस भादरतात आणि जनावराची शोभा घालवतात, अशी त्याची तक्रार. म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याची तर मान दोन्ही बाजूंनी भादरली होती.

संशोधक बाईंनी शांतपणे समजावलं. चाचणी विषाणू शोधत नाही. त्याच्याशी लढायला शरीर जे पदार्थ बनवतं, ते शोधते. ते बनायला काही आठवडे जातात. मोठ्या घोड्यांचं रक्त डॉक्टरांनी पाठवलं होतं. शिंगराचं मात्र बाईंनी स्वतः घेतलं होतं.

डॉक्टर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिले. चाचणी नवी आहे, भरवशाची नाही, शिंगराचा निकाल रद्द करा.

"बाईंनीच घोळ घातलाय," भाचा कुजबुजला.

"तू गाडी पूस," आत्या म्हणाल्या आणि सगळ्यांना टिकलीपाशी बोलावलं.

"जे पदार्थ बनायला आठवडे लागतात, ते या एवढ्याशा जिवाकडे आले कुठून?" त्यांनी विचारलं. मग वर्गात सांगावं तसं त्याच सांगू लागल्या. घोडीच्या पोटात पिल्लाला ते मिळत नाहीत. जन्मल्यावर पहिल्या दुधातून, चिकातून मिळतात. म्हणजे ते टिकलीचे आहेत.

"पण टिकली तर सुटली," मालकीणबाई म्हणाल्या.

"तिच्या नावाची नळी सुटली. तिची मान बघा. एक केस कापलेला नाही. पांढऱ्याची मान दोनदा भादरली आहे. त्याचंच रक्त दोन नळ्यांत गेलं. डॉक्टर, रक्त तुम्हीच काढलंत."

डॉक्टर खाली बसले.

"तिला दोनदा ताप येऊन गेला होता. मी ओळखलं," ते म्हणाले. "ती जन्मली तेव्हा या हातांनी ओढून काढली होती. तिला मारायची सुईसुद्धा मलाच टोचावी लागली असती. थंडीत माश्या नसतात, तोवर तिला लांब कुठेतरी हलवू, असं वाटलं. शिंगराचं रक्त कुणी घेईल हे डोक्यातच आलं नाही."

"मग शिंगरू वाचेल?" भाच्याने विचारलं.

संशोधक बाई म्हणाल्या, आईचे पदार्थ काही महिन्यांत विरून जातील. तोवर त्याला वेगळं ठेवून पुन्हा तपासायचं. खूण गेली तर वाचेल. आज काहीच सांगता येत नाही. आणि टिकलीचं रक्त मात्र आत्ताच घ्यावं लागेल.

रक्त त्यांनीच घेतलं. सगळे दारात थांबून राहिले. थोड्या वेळाने चाचणीच्या पट्टीवर बाधेची रेघ उमटली, स्वच्छ आणि ठळक. चाचणी खरी ठरली होती, पण बाईंनी मान वर केली नाही.

मालकीणबाई त्यांच्याजवळ गेल्या. "एकदा चाचणी चुकली म्हणा ना, बाई."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मोतद्दार पुढे झाला आणि शिंगराला आईपासून दूर न्यायला लागला. ते चारही पाय रोवून उभं राहिलं. शेवटी आत्यांनी मागून हात लावून त्याला पुढे ढकललं.