एकोणीस सेकंद

मोटारीची लाईट साडेबाराला येनार म्हनत्यात. म्हंजी अजून दोन तास हायती. तवर उसाकडं कुनी एकट्यानं जायाचं न्हाई. परवाच पलीकडच्या मळ्यात बिबट्या दिसलाय. बसा हितंच. साई, शेकोटीत पाचट टाक मूठभर. आन् तो मोबाईल ठेव खाली. रात्रीच्या टायमाला असले व्हिडिओ बघायची मला आता भीती वाटती.

हसू नका. कारन हाय म्हनून सांगतोय.

माझा भाचा सत्यजीत तुम्हाला ठावं हाय. वरवंडला हायवेच्या कडंला वरच्या मजल्यावर त्याचं फोटो-व्हिडिओचं दुकान व्हतं. लग्नं, वाढदिवस, वास्तुशांत, समदं शूटिंग तो करायचा आन् कंप्युटरवर बसून कापाकापी करून त्याचा पिच्चर बनवायचा. हात चांगला व्हता त्याचा.

दोन हजार चोवीस साल. दोन डिसेंबर, सोमवार. अमावास्या आदल्याच दिवशी दुपारी सरली व्हती. सत्यजीत दुपारचं जेवून गाडीवर निघाला, शिरूरच्या अंगाला. चौफुल्यावरनं न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला, भीमेचा पूल वलांडला. गावाचं नाव मी घेत न्हाई. तिथल्या पोपटरावाच्या घरनं त्याला शूटिंगची हार्डडिस्क आनायची व्हती. पोपटराव म्हंजी गावातलं वजनदार मानूस. त्याच्या पोराचं, विक्रमचं, त्या गुरवारी लग्न व्हतं. नवरा-नवरीचं लग्नाआधीचं शूटिंग पुन्याच्या पोरांनी केलेलं, पन पिच्चर सत्यजीतनं करायचा आन् बुधवारी हळदीला मोठ्या एलईडी पडद्यावर दाखवायचा, असं ठरलं व्हतं.

पोपटरावानं चहा पाजला. विक्रमनं डिस्क दिली. सत्यजीत मला म्हनला, "मामा, मी त्या अंगनात बसलो, पन परसाकडं मान वळवली न्हाई." परसाकडं विहीर व्हती.

का वळवली न्हाई, ते सांगतो. विक्रमचं हे दुसरं लग्न. पहिली बायको राजनंदिनी, कोरेगाव भीमाची. त्येवीस सालच्या मे महिन्यात पोपटरावाच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली, त्याचं शूटिंग सत्यजीतनंच केलं व्हतं. पंगत चालू व्हती. हा जिन्याखाली कॅमेऱ्याची बॅटरी बदलत व्हता. तिथं ती आली. इकडं तिकडं बघितलं आन् म्हनली, "भाऊ, हे चालू हाय का?"

ह्यानं चालू केलं.

ती कॅमेऱ्यात बघून बोलली. "आई, मला हितनं ने. लेकरू व्हत न्हाई म्हनून हे दोघं मला विहिरीत घालायचं बोलत्यात. मी ऐकलंय." तेवढ्यात आतनं हाक आली. ती गेली. एकोनीस सेकंद.

चार दिवसांनी विक्रम दुकानात पिच्चर बघायला आला, तवा ह्या येड्यानं त्याला इचारलं, "दादा, वहिनींचं हे ठेवू का काढू?" विक्रमनं ते बघितलं. हसला. पाठीवर थाप मारली. "बायामानसांचं असतंय रे. काढून टाक. कार्डातनं पन."

ह्यानं काढलं. तिच्या आईला दाखवायचं सोडून ह्यानं काढलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी राजनंदिनी विहिरीत मेलेली गावली. पाय घसरला म्हनले. सत्यजीत गप्प बसला. पुरावा पुसलेला, आन् समोर पोपटराव. पुढं दीड सालानं तीच मान्सं पिच्चर बनवायला बोलवायला आली, तवाबी न्हाई म्हनायची छाती झाली न्हाई. न्हाई म्हनलं तर का म्हनून इचारतील, ही भीती.

तर सोमवारी रात्री तो कामाला बसला. नव्या नवरीचं नाव सुलक्षणा. ती आन् विक्रम फुलांच्या मळ्यातनं चालत्यात, होडीत बसत्यात, असलं शूटिंग. गानं लावलं, जोडाजोड झाली. चार मिनिटं धा सेकंदांचा पिच्चर. चालवून बघितला आन् दोन मिनिटं एकतीस सेकंदांवर चित्र अडकलं.

त्याला वाटलं, कंप्युटरवर लोड आलाय. बाकीचे प्रोग्राम बंद केले. परत तिथंच अडकलं. मग जुन्या तात्पुरत्या फायली साफ केल्या. हलक्या फायली बनवून त्याच्यावर चालवलं. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर काढून नवा टाकला. मला ह्यातलं काय कळत न्हाई, पन त्यानं एवढ्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. समदं नव्यानं जोडलं. तरी दोन एकतीस. दर खेपेला तिथंच.

मंगळवारी यवतवरनं रुद्रला बोलावलं. तो कंप्युटर दुरुस्तीवाला, ह्याचा दोस्त. त्यानं मशीन खोललं, धूळ काढली, रॅम बदलली. शेवटी सोताच्या लॅपटॉपवर घेऊन बघितलं. तिथंबी तसंच. रुद्र म्हनला, "मशीनचा दोष न्हाई रं. फाईल बनवून बघू."

बनवली. चार मिनिटं एकोनतीस सेकंदांची झाली.

"चार मिनिटं धा सेकंदांची जोडलीय न्हवं तू?" रुद्र म्हनला. "एकोनीस सेकंद वाढलं कुठनं? आन् ही बिननावाची क्लिप कुनाची? नुस्ती काळी हाय."

सत्यजीतनं खुर्ची मागं सारली. रुद्रनं इचारलं, "काय झालं रं?"

"काय न्हाई. जा तू. मी बघतो."

रुद्र गेला. रात्रीचे पावनेबारा. खाली हायवेवर गाड्या चालू. ह्यानं ती काळी क्लिप पुसली. पुढं सरकवून बघितलं... परत जागेवर. परत पुसली. परत जागेवर. आता तिच्याखाली आवाजाची रेघ उमटाय लागली. ह्यानं कानाला हेडफोन लावला.

पानी. खोलवर कुठंतरी पानी हालत व्हतं.

हेडफोन काढला. तरी ऐकू येत व्हतं.

मग तो हात जोडून म्हनला, "ताई... मी काय करू?"

पानी थांबलं.

क्लिप गेली. आपोआप. त्यानं फाईल बनवाय लावली, सरळ झाली. चार मिनिटं धा सेकंद. तीनदा बघितली. कुठं अडकली न्हाई. तो मला म्हनला, "मामा, मला वाटलं तिनं माफ केलं."

माफ कशाची करती...

बुधवारी हळद. न्हावऱ्याच्या रस्त्याला एका लॉन्सवर दोन्हीकडची हळद एकत्र व्हती. तीनशे मान्सं. स्टेजवर विक्रम आन् सुलक्षणा, दोघांच्या अंगाला हळद. पुढच्या खुर्चीत पोपटराव. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सत्यजीतनं लॅपटॉपवरनं पिच्चर लावला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. फुलांचा मळा आला. होडी आली.

दोन एकतीस.

अडकला.

"ए, नेट गेलं का?" कुनीतरी ओरडलं. लोकं हसली.

पडदा काळा झाला. मग मधोमध एक गोल उजळला. चांदन्या दिसाय लागल्या. कुनीतरी लई खालनं वर बघतंय, असं ते चित्र. कडेनं दगडाचं बांधकाम. वल्लं.

हसू थांबलं.

गोलाच्या काठावर दोन डोकी आली. एकाच्या हातात मोबाईलची बॅटरी. उजेड हालला. एक विक्रम. दुसरा...

दुसरा पोपटराव.

आन् स्पीकरमधनं पोपटरावाचा आवाज आला. सावकाश. "थांब जरा. अजून हात हालतोय."

ऑपरेटरनं वायर उपसली. पडदा चालूच. सत्यजीतनं लॅपटॉप मिटला. पडदा चालूच. चित्र वर सरकाय लागलं. काठ जवळ आला... मोठा झाला... ती दोन तोंडं मोठी झाली...

विक्रम स्टेजवर उभा राह्यला. "आबा, ती वर येतीय! तुम्ही म्हनला व्हता मेली म्हनून! आबा, ती वर येतीय!"

पोपटराव धावला, त्याचं तोंड दाबाय. पोराच्या हळदीनं बापाचा हात पिवळा झाला.

पडदा गेला. अंधारात बाईचा आवाज आला. एवढाच.

"भाऊ, हे चालू हाय का?"

सुलक्षणा उठली. गालाची हळद पदरानं पुसली, बापाचा हात धरला आन् गाडीत जाऊन बसली. पोर वाचली.

विक्रम त्या गोंधळात पळाला. सकाळी त्याच विहिरीत गावला. दोन दिस मोटार चालू व्हती, पानी गुडघाभर राह्यलं व्हतं. गुडघाभर पान्यात तो बुडून मेला, आन् हातात दगडाची कड घट्ट धरलेली. नखं निघाली व्हती. वर यायची लई खटपट केली असनार.

पोपटरावाला पोलिसांनी नेलं. तीनशे मान्सांसमोर पोरगा बोलला व्हता. चाळीस-पन्नास मोबाईलमधी त्या पडद्याचं शूटिंग झालं व्हतं, पन समद्यांत नुस्तं काळं. एकोनीस सेकंद काळं. तरी सत्यजीतनं सोता जाऊन जबाब दिला. जिन्याखालचं, पुसलेलं, समदं सांगितलं.

पृथ्वीराज, काय इचारतोस? तिच्या आईचं?

गेला ना तिच्याकडं. मी संगं व्हतो. सिंधूबाई शेंगा फोडत बसल्या व्हत्या. ह्यानं पाय धरले. वाटलं, म्हातारी शिव्या देईल. त्या एवढंच म्हनल्या, "काय म्हनली ती? जशीच्या तशी सांग." ह्यानं सांगितलं. "आई, मला हितनं ने." म्हातारी म्हनली, "परत सांग." परत सांगितलं. "परत सांग." दिवस मावळंस्तोवर सांगत व्हता तो. आवाज बसला तरी.

दुकान बंद केलंय त्यानं. आता दौंडला दूध डेअरीत हाय. मागच्या आयतवारी आला व्हता माझ्याकडं. चहा दिला, तवा कप डाव्या हातानं घेतला. मी म्हनलं, "उजवा का लपवतोस?"

त्यानं हात पुढं केला. चार बोटं चांगली. पन अंगठ्याशेजारचं बोट, ज्यानं बटन दाबून तिचं बोलनं पुसलं व्हतं, ते पांढरंफटक. सुरकुतलेलं. दिसभर पान्यात बुडवून ठेवल्यागत. पुन्याला दोन डॉक्टरांना दाखवलंय, औषधं झाली, पावडरी झाल्या. वाळत न्हाई.

मी ते बोट फडक्यानं कोरडं पुसलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या शेंड्याला परत थेंब आला...