कासवाची खोली

नमुन्यादाखल जप्त केलेली काही वास्तव्यपत्रं प्रयोगशाळेच्या मेजावर पसरलेली होती. डॉ. हेमांगी मयेकर एकेक पत्र उचलून दिव्याखाली तिरकं करून पाहत होती. प्रत्येकात कासव होतं, पण ते पत्राच्या वर, हवेत तरंगत होतं. बोट पुढे केलं तर त्याच्या पाठीतून आरपार जाईल असं वाटावं. खऱ्या पत्रातलं कासव खाली दिसतं, विहिरीत वाकून पाहावं तसं. म्हणून नाक्यावरच्या तपासनिसांनी ही पत्रं बनावट ठरवली होती आणि ज्यांची होती त्यांना परत घाटाखाली पाठवलं होतं.

खऱ्या-खोट्याची ही कसोटी हेमांगीनेच शोधली होती. समुद्राने किनारा गिळल्यावर लाखो माणसं घाटाच्या पायथ्याशी छावण्यांत येऊन राहिली. पठारनगरात कुणी यायचं, कुणी दवाखाना वापरायचा, याची संगणकावर नोंदणी झाली. मग कुणीतरी त्या नोंदणीत शिरलं आणि इतकी खोटी नावं घुसवली की खरी कुठली ते सांगता येईना. सगळी नोंद रद्द करावी लागली. माणसाची ओळख सांगणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे आधीच घरोघरी जाऊन वाटलेलं खोलपटलाचं पत्र. त्याला यंत्र लागत नव्हतं, वीज लागत नव्हती. तपासनिसाने हातात घेऊन तिरकं करायचं, बस्स. आत कासव पोहायला लागायचं.

हेमांगीचा सहकारी इनास डिमेलो बहुवारिकांचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांचा, जाणकार होता. वसईचा माणूस. वसई आता पाण्याखाली होती. त्याने त्या पत्रांपैकी एक चिरून त्याचे थर वेगळे केले आणि दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. संध्याकाळी त्याने तिला जवळ बोलावलं.

"ही खोटी नाहीत, हेमांगी. आपल्याच छापखान्यातली आहेत."

तिने स्वतः पाहिलं. खोलपटलाची रचना तिला तोंडपाठ होती. वर लाखो सूक्ष्मभिंगं, खाली तितकीच कासवाची सूक्ष्मचित्रं. चित्रांची जाळी भिंगांच्या जाळीपेक्षा किंचित, अगदी हजारात दोन भाग इतकीच दाट. त्या किंचित फरकामुळे प्रत्येक भिंगाला चित्राचा थोडा वेगळा तुकडा दिसतो आणि सगळ्या तुकड्यांचं मिळून खोलवर एक मोठं कासव उभं राहतं.

"खालचा थर फुगलाय," इनास म्हणाला. "दमट हवेतलं पाणी पितो तो. हजारात चारच भाग फुगलाय, पण तेवढं पुरतं. चित्रांची जाळी आता भिंगांपेक्षा विरळ झालीय."

"म्हणजे कासव खाली न दिसता वर दिसणार."

"हो. आणि मधे, दोन्ही जाळ्या जवळजवळ सारख्या असताना, ते आधी मोठं होत जाणार, खोल खोल जाणार, मग विरून जाणार. त्यानंतर एक दिवस वर येणार."

पत्रं सगळी छावण्यांतली होती. पत्र्याच्या शेडमध्ये उकाडा, दमट हवा, आणि पत्र हरवू नये म्हणून लोक ते कापडी पिशवीत घालून गळ्यात बांधत, छातीशी, घामात. ज्यांनी जिवापाड जपलं त्यांचंच पत्र आधी फिरलं होतं. पठारनगरातल्या लोकांची पत्रं थंड कपाटांत पडून होती, त्यांतली कासवं होती तिथेच होती.

ती संस्थेचे संचालक डॉ. यशोधर राजाध्यक्ष यांच्याकडे गेली. त्यांनी तिला शिकवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तरंगणारं कासवही ग्राह्य धरा, असं तिचं म्हणणं होतं. ते म्हणाले की कच्च्या नकलांतलंही कासव तरंगतं, मग त्या सगळ्या नकला आपोआप खऱ्या होतील. नवी पत्रं द्या, ती म्हणाली. कशाच्या आधारावर, त्यांनी विचारलं. नोंद उरलेली नाही, साक्ष कायद्याने बाद केली आहे. प्रयोगशाळेत तपासून द्या, असं ती म्हणू लागली आणि स्वतःच थांबली. पत्र खरं आहे हे ते चिरल्याशिवाय कळत नव्हतं, आणि चिरलेलं पत्र कायद्याने पत्र राहत नव्हतं.

"तिसरी वाट असेल तर सांग," ते म्हणाले. "मी तुझ्यासोबत मंत्रालयात येतो."

तिच्याकडे तिसरी वाट नव्हती. पुढच्या महिन्याभरात ती आणखी दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तसंच बोलणं होऊन परत आली.

तिचा थोरला भाऊ, विश्रामदादा, छावणीत राहत होता. पूर्वी गावच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आता छावणीतले पंप करायचा. वहिनीला पठारनगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि तिथल्या प्राणवायूवरच तिचे दिवस निघत होते. रुग्णाच्या नातेवाइकाला वर मुक्काम करायची परवानगी नव्हती. दादा रोज सकाळी नाका ओलांडून वर यायचा, तिच्यापाशी बसायचा आणि संध्याकाळी उतरायचा.

हेमांगी छावणीत गेली तेव्हा त्याने गळ्यातल्या पिशवीतून पत्र काढून तिच्या हातात ठेवलं.

"बघ हेमा, माझं कासव केवढं झालंय. इथे कुणाचंच एवढं नाही."

तिने पत्र तिरकं केलं. कासवाच्या कडा पत्राबाहेर गेल्या होत्या. नुसती कवचाची एक धूसर रेघ, कुठेतरी फार खाली. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पत्र परत पिशवीत घालून विचारलं, की मग हिच्याजवळ कोण बसणार.

त्याच सुमारास इनासला नाक्यावरून तुलनेसाठी मागवलेल्या पत्रांत एक वेगळं पत्र सापडलं. छावणीतलंच, पण कासव अगदी जागच्या जागी. चिरायला घेतलं तर चिरेना. ते काचेचं होतं. जुन्या फोनांच्या पडद्यांची पातळ काच तासून छावणीतल्या कारागिरांनी त्यावर भिंगं कोरली होती, कारण त्यांना तो बहुवारिक मिळत नव्हता. काच पाणी पीत नाही. काचेतलं कासव कधीच वर येणार नव्हतं.

इनास ते संचालकांना कळवायला निघाला. हेमांगीने त्याला चार दिवस थांबायला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही, पण चार दिवसांच्या वर आपल्याला थांबता येणार नाही, एवढं सांगितलं.

ती पुन्हा छावणीत उतरली. दादाच्या पत्रात आता काहीच दिसत नव्हतं, नुसता राखाडी पडदा.

"दादा, काचेचं करून घे," ती म्हणाली. "आणि हे जाळून टाक. दोन पत्रं सापडली तर तुरुंगात टाकतील."

"जाळू? हे खरं आहे ना?"

"खरं आहे. म्हणूनच ते आता चालणार नाही."

त्याने आयुष्यात कधी खोटा कागद हाताळला नव्हता. रात्री त्याने पत्र चुलीत घातलं. प्लास्टिक आकसलं आणि काळं झालं, असं त्याने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. त्याचा आवाज एखाद्याचं दहन करून आल्यासारखा होता.

काचेचं पत्र तयार व्हायला आठवडा गेला. तोवर दादाला वहिनीपाशी येता आलं नाही. हेमांगी रोज तिच्याजवळ बसत असे, पण वहिनीचे डोळे दाराकडेच असत. दादा येणार त्या सकाळी हेमांगी नाक्यावर जाऊन थांबली. जाळीपलीकडे छावणीतल्या माणसांची रांग होती, दादा मधेच कुठेतरी. लोक आज भराभर पुढे सरकत होते. नेहमी माघारी पाठवली जाणारी माणसं आत येत होती. एक म्हातारी तर आत येऊन जमिनीवर बसली आणि रडू लागली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. यशोधर सर होते. त्यांचा आवाज इतका मोकळा तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तुझं म्हणणं मान्य झालं, ते म्हणाले. इनासच्या अहवालाने तिसरी वाट दाखवली. आता नकला सगळ्या काचेच्या आहेत आणि काचेतलं कासव खालीच राहतं. छावणीच्या हवेत वर्षं काढलेल्या खऱ्या पत्रातलं कासव या वैशाखापर्यंत वर आलेलं असणारच. मग गणित उलटं करायचं. आज सकाळपासून घाटाच्या नाक्यावर तरंगणारं कासव खरं, आणि खोल असेल ते खोटं.

"अजून विरलेली असतील त्यांना महिनाभर थांबायला सांगू," ते म्हणाले. "तीही वर येतील. एकाही खऱ्या माणसाला परत जावं लागणार नाही, हेमांगी."

त्यात चूक काहीच नव्हती. तिने स्वतः मांडलं असतं तर असंच मांडलं असतं.

ती जाळीकडे धावली. दादा खिडकीशी पोचला होता. तपासनिसाने पत्र घेऊन तिरकं केलं, पुन्हा केलं, आणि शेजारच्या शिपायाला खूण केली. हा माझा सख्खा भाऊ आहे, याचं खरं पत्र मी जाळायला सांगितलं, ती सांगत राहिली. तपासनीस तरुण होता, सभ्यही. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. साक्ष चालत नाही, बाई, एवढंच तो म्हणाला.

दादाने वाद घातला नाही. शिपायांनी दंड धरले तेव्हा त्याने मागच्या माणसांना वाट करून दिली. मग जाळीजवळ येऊन त्याने विचारलं, "आज तिने काही खाल्लं का?"

"पेज घेतली थोडी," हेमांगी म्हणाली.

त्याने मान डोलावली. शिपाई त्याला उताराच्या रस्त्याने घेऊन निघाले. रांग पुढे सरकली.